एका भिंतीवर दोन पोस्टरं

सगळे वर्गात बसलेले बघून ठिणगीने भिंतीवर पोस्टर थापलं. कॉलेजातल्या डाव्या गटाची धडाडीची पोरगी ती. विरोधकांचं पोस्टर दिसलं की न वाचता त्याच्यावरच आपलं चिकटवायचं, ही दोन्ही गटांची जुनी खोड.

"अहो बाई, खालचं वाचा तरी!"

मागे उजव्या गटाचा पुढारी. त्याच्या शर्टाला अशी इस्त्री, की घडीवर भाजी चिरावी! म्हणून सगळे त्याला कडकइस्त्रीच म्हणत. आज मात्र गडी कोपरापर्यंत खळीने माखलेला.

तिने कागद सोलला. अगं बाई, खालीही तेच! 'वसतिगृहाच्या दारातलं अंगठ्याचं यंत्र काढा.' कोण कधी आलं, कधी गेलं, सगळं ऑफिसला आणि घरी कळवणारं ते मेलं यंत्र.

"तुम्हाला तर शिस्त लागते ना?" तिने टोमणा मारला.

"माझी शिस्त मी लावेन. प्राचार्यांनी माझ्या उशाशी कशाला बसायचं? पण तुमचं तर सगळं सरकारनेच करावं…"

"पोटाला द्यावं. पाळत ठेवू नये."

"म्हणजे… आपलं जमतंय?"

"यंत्रापुरतं," ती म्हणाली, आणि उगाच ब्रश शोधू लागली. ब्रश तिच्या हातातच होता.

मग दोघांनी मिळून एकच पोस्टर लावलं. तो कागद धरी, ती खळ फासी. बोटाला बोट चिकटे, आणि दोघंही दोष खळीलाच देत.

तेवढ्यात शिट्टी… रखवालदार!

"पळा तुम्ही!" तो म्हणाला, आणि स्वतः तिथेच उभा राहिला.

ती पळाली खरी. पण रखवालदार त्याला धरून नेताना दिसला, आणि तिचे पाय गेले ते थेट प्राचार्यांच्या दाराशी. आतून प्राचार्यांचा आवाज आला, "दुसरं कोण होतं? नाव सांग, नाहीतर आजच खोली खाली कर."

"नाही सांगणार, सर. कोण कुणाबरोबर होतं याची नोंद नको, हेच तर आमचं म्हणणं."

ठिणगीच्या छातीत अशी धडधड, अशी धडधड, की खालच्या मजल्यावरचे लोक म्हणे भूकंप समजून टेबलाखाली शिरले! आत जावं, तर गट म्हणणार, फितूर झाली. शिवाय तिचीही खोली जाणार. न जावं, तर… तो एकटाच ट्रंक उचलून निघून जाणार. तळहाताला इतका घाम, की वाळलेली खळ पुन्हा ओली झाली.

तिने दार ढकललं.

"मी होते, सर."

प्राचार्यांचा चष्मा कपाळावर गेला. "तू? विरोधी गटाची? हा तुझा कोण लागतो?"

तिने हळूच त्याच्याकडे पाहिलं. कॉलर चुरगळलेली, कान लालभडक.

"ते… ते आमचं आम्ही ठरवू, सर. तुम्ही नका विचारू."

"दोघंही खोल्या खाली करा!"

बाहेर आल्यावर कडकइस्त्री पुटपुटला, "ठरवू म्हणालीस… म्हणजे कधी?"

"आधी ट्रंक उचल," ती म्हणाली. "माझं ठरलंय. वाटेत सांगते."