सहाव्या दरवाजावरची इलान

श्रावणातली भुरभुर होती. छत्री उघडावी तर लोक हसतील आणि न उघडावी तर खांदे भिजतील, असला पाऊस. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका औषधांच्या दुकानाच्या पडवीत वल्लरी शिडीवर उभी राहून पाटी रंगवत होती. 'औ'वरच्या दोन मात्रा तेवढ्या राहिल्या होत्या. नेमका तेव्हाच एक तरुण पाऊस चुकवत पडवीत शिरला, थेट शिडीखाली येऊन उभा राहिला... आणि ब्रशाच्या टोकाचा तांबडा थेंब टपकन खाली पडला.

शर्टावर पडता तर एक वेळ चाललं असतं. पण तो पडला त्याच्या हातातल्या उघड्या पुस्तिकेवर, एका चित्रातल्या चेहऱ्याच्या बरोब्बर मधोमध.

वल्लरी भराभर खाली उतरली. टर्पेंटाइनचा बोळा घेऊन तिनं तो डाग पुसला, तसा रंगाबरोबर छापील चेहराही निघून आला. चिलखत राहिलं, भाला राहिला, शिरस्त्राणाखाली मात्र कोरा कागद. 

"तासाभरानं या," ती म्हणाली. "भरून देते."

तो गेला खरा, पण जाताना दोनदा मागं वळून बघितलं त्यानं. पुस्तिकेच्या काळजीनं असावं, असं वल्लरीनं स्वतःला सांगितलं.

त्याचं नाव मुकुल. सांगलीचा. टीव्ही दुरुस्त करायचा आणि आता विश्रामबागेत आत्याच्या घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ गेमचं पार्लर काढायच्या खटपटीत होता. साल शहाण्णव. त्याचे मेहुणे जहाजावर नोकरीला, त्यांनी जपानहून एक यंत्र आणि सात-आठ कॅसेटी आणून दिल्या होत्या. त्यातल्या एका खेळाचं इंग्रजी नाव कुणालाच धड म्हणता येत नसे, म्हणून खेळून बघायला जमणारी पोरं त्याला 'सात दरवाजे' म्हणत. एकेका दरवाजावर एकेक राखणदार. सहाव्या दरवाजावरचा इलान सगळ्यांचा लाडका. तो कधी मागं हटत नाही आणि हरल्यावरसुद्धा भाला सोडत नाही. पडद्यावर तो नखाएवढा दिसायचा. नीट बघायचा तर त्या पुस्तिकेतच. आज एक जुना रंगीत टीव्ही बघायला मुकुल साताऱ्याला आला होता, आणि एसटीत वाचायला पुस्तिका बरोबर घेतली होती.

तासाभरानं तो परत आला. वल्लरीनं शून्य नंबरच्या, सगळ्यांत बारीक ब्रशानं चेहरा भरून ठेवला होता. त्यानं पुस्तिका उजेडाकडे धरली आणि तो दचकलाच.

"ही कोण?"

"बघा," वल्लरी म्हणाली, "तुम्हीच 'ही' म्हणालात."

मुकुलनं तिला समजावलं की हा इलान आहे, पुरुष आहे, पुस्तिकेत तसं छापलंय आणि सांगलीतली सगळी पोरं त्याला सरदार म्हणतात. वल्लरीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग ब्रशाची दांडी तिनं चिलखताच्या पट्ट्यावर बोट ठेवावं तशी टेकवली. पट्ट्याला पाच भोकं एका ओळीत, सारख्या अंतरावर. सहावं मात्र जरा वाकडं, कडा फाटलेलं.

"हे भोक नंतर पाडलंय. चिलखत हिच्या मापाचं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी घातलंय. आणि मनगट बघा. चेहरा मी केला नाही हो... होता तसा काढला."

मुकुलनं तो खेळ शंभरदा खेळला होता. ते सहावं भोक त्याला कधी दिसलं नव्हतं. त्यानं पट्ट्याकडं बघितलं, मग तिच्या बोटांवरच्या तांबड्या रंगाकडं बघितलं... आणि आपण पावसात कशाला आलो होतो तेच विसरला. टीव्ही बघायचा राहिलाच.

पुढच्या रविवारी तो पुन्हा साताऱ्यात हजर. या खेपेला त्याला पार्लरची भिंत रंगवून हवी होती, सातही राखणदार पुरुषभर उंचीचे. वल्लरीच्या घरच्या पाट्यांच्या दुकानात तिचे वडील अण्णा होते, त्यांच्याशी बोलणं झालं. अण्णा साताऱ्यातले जुने पेंटर. अर्ध्या पेठेच्या पाट्या त्यांच्या हातच्या. पण गेली दोन वर्षं त्यांचा उजवा हात थरथरायचा, आणि तेव्हापासून ब्रश वल्लरीच्या हातात होता. अण्णा आखून देतात आणि लेक नुसता रंग भरते, असंच गिऱ्हाइकांना वाटू द्यायचं, हे बापलेकींचं ठरलेलं. पाटीखाली सही अण्णांचीच पडायची. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. वल्लरी तेवीस संपून चोविसाव्यात गेली तरी आलेली तीन स्थळं तिनं काही ना काही खोट काढून परतवली होती. अण्णांना शर्ट कोण घालणार, सकाळी त्यांची दाढी कोण करणार, हे ती कुणाला बोलून दाखवत नसे.

मग भाद्रपदभर दर रविवारी सकाळच्या एसटीनं बापलेक सांगलीला जाऊ लागले. मुकुलची चारुशीला आत्या अण्णांना पडवीत खुर्ची द्यायची, चहा द्यायची, भडंग द्यायची. अण्णा गप्पांत रंगायचे आणि आत वल्लरी भिंत रंगवायची. मुकुल रंग कालवायचा. कालवताना वाद चालायचा तो एकाच गोष्टीचा.

"जराशी मिशी दिली तर?" तो विचारायचा.

"तुम्हाला देते," ती म्हणायची आणि निळ्या रंगाचा ब्रश त्याच्या नाकाशी न्यायची.

एकदा तो म्हणाला, आपण दोघं भांडून काय उपयोग, ज्यानं काढलंय त्यालाच विचारू. कॅसेटच्या खोक्यावर कंपनीचा पत्ता होता. मुकुलनं डिक्शनरी घेऊन इंग्रजीत पत्र लिहिलं, वल्लरीनं सोबत पट्ट्याचं आणि सहाव्या भोकाचं चित्र काढून दिलं. पोस्टात पत्र टाकताना दोघांनीही पाकिटाचं एकेक टोक धरलं होतं. पेटीच्या तोंडाशी बोटाला बोट लागलं. पत्र आत पडल्यावरही हात मागं घ्यायला दोघांनी जरा उशीरच केला.

दसऱ्याला पार्लर उघडायचं होतं. त्याच्या आदल्या रविवारी सहा राखणदार पुरे झाले होते, इलानचा चेहरा तेवढा उरला होता. अण्णा आत्याबरोबर गणपतीच्या देवळात गेले होते. वल्लरीनं भिंतीच्या कोपऱ्यात नेहमीसारखी वडलांची सही केली. मुकुल मागं उभा होता. तो हळूच म्हणाला,

"तुम्हीपण दुसऱ्याचंच चिलखत घालून उभ्या आहात की."

तो कौतुकानं म्हणाला होता. पण वल्लरीचा हात जागच्या जागी थांबला. तिनं ब्रश धुतला, पुसला, पिशवीत ठेवला. ते चिलखत नाही, माझा बाप आहे, एवढंच ती म्हणाली. चेहरा न काढताच ती साताऱ्याला निघून गेली.

पार्लर उघडलं ते बिनचेहऱ्याच्या इलानसकट. पोरांना वाटलं हीच गंमत आहे. गर्दी वाढली. मुकुलला मात्र भिंतीकडं बघवत नव्हतं. त्यानं साताऱ्याला दोन पत्रं पाठवली, दोन्हींत माफी मागितली. उत्तर आलं नाही. वल्लरीनं ती दोन्ही पत्रं रंगांच्या डब्यांमागं ठेवली होती आणि दुपारी दुकानात कुणी नसलं की काढून वाचायची. राग केव्हाच गेला होता. पण गेल्यावर काय लिहायचं? सांगलीत जीव गुंतवून घ्यायचा आणि अण्णांना कुणाच्या हवाली करायचं?

डिसेंबरात एका सकाळी मुकुल स्वतःच दुकानात येऊन उभा राहिला. हातात परदेशी तिकिटं लावलेलं पाकीट. न फोडलेलं.

"फोडलं का नाही?" इतक्या दिवसांनी तिचा हा पहिला शब्द.

"प्रश्न तुमचा होता."

अण्णा म्हणाले, आता फोडा बाबांनो. वल्लरीनं कातरीनं पाकीट उघडलं. मुकुल एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेला. उत्तर खुद्द इलानचं चित्र काढणाऱ्या व्यक्तीचं होतं. लिहिलं होतं की दहा वर्षांत शेकडो पत्रं आली, पण त्या भोकाबद्दल कुणी विचारलं नव्हतं. चित्र काढताना डोळ्यांपुढं थोरली बहीण होती. भावाच्या मापाचे कपडे घालून तिनं घर चालवलं होतं. पुस्तिका लिहिणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, त्यानं पुरुष लिहिलं. मग पोरांची पत्रं येऊ लागली, त्यांना इलानमध्ये स्वतःचं रूप दिसत होतं. ते त्यांच्याकडून काढून घ्यायचा मला हक्क नाही. तुम्हाला जी दिसली ती मी काढलेली आहे, आणि त्यांना जो दिसला तोही खोटा नाही.

अण्णा विचारात पडले. "म्हंजे बाई का बाप्या?"

"दोन्ही म्हणतायत, अण्णा."

"आन ह्ये लिवणारं कोण? बाई का बाप्या?"

मुकुलनं खालचं जपानी नाव उलटसुलट वाचून बघितलं आणि मान हलवली. तेही कळत नव्हतं. पहिल्यांदा वल्लरी हसली, मग तिघंही हसत सुटले. हसता हसता अण्णांनी डाव्या हातानं उजवा हात धरला.

"पोरी, ती भित आर्दी ठिवू नगंस," ते म्हणाले. "आन खाली माजी सही हाय ती पूस. दोन वर्सं झाली, मला रोज वाटतंय बोलावं. लय जड वाटाय लागलंय ते."

अण्णांनी तिला राजवाड्यावरून कंदी पेढे आणायला पिटाळलं. ती परत आली तेव्हा दोघं पुरुष अगदी गप्प बसले होते, आणि मुकुलचे कान लाल झाले होते.

त्यानंतरच्या रविवारी सांगलीत थंडी होती. वल्लरी एकटीच आली होती. तिनं इलानचा चेहरा काढला — निम्मा सावलीत, दमलेला, ओठाच्या एका कोपऱ्यात हसू. खालची अण्णांची सही पुसून तिथं स्वतःची केली. आत्यानं बघून विचारलं, आता ही बाई की बाप्या? वल्लरी म्हणाली, रविवारी बाई, बाकीच्या दिवशी तुम्हाला हवं ते. आत्याला ते पटलं आणि ती आत गेली.

मागच्या पायरीवर वल्लरी ब्रश धूत बसली. मुकुल येऊन एक पायरी खाली बसला. बराच वेळ तो टर्पेंटाइनच्या डब्याचं झाकण लावत आणि काढत होता.

"पार्लर काही जन्मभर चालायचं नाही," तो म्हणाला. "आज ना उद्या घरोघरी ही यंत्रं येतील. टीव्हीचं काम मात्र चालणार. आणि... टीव्ही काही फक्त सांगलीतच बिघडतात असं नाही. साताऱ्यातही बिघडतात."

वल्लरीचे हात थांबले.

"अण्णांची दाढी मला करता येईल," तो घाईघाईनं म्हणाला. "आमच्या आजोबांची मीच करायचो. मी साताऱ्याला राहायला येतो. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत."

तिनं मान वर केली नाही. खालीच बघत म्हणाली, "आधी अण्णांना विचारा."

"विचारलं. तुम्ही पेढे आणायला गेला होता तेव्हा. म्हणाले, मला काय विचारतोस, तिला विचार."

"मग विचारलंस कुठं अजून?" वल्लरी म्हणाली. "मघापासून नुसता टीव्हीबद्दल बोलतोयस तू."

ते 'तू' दोघांनाही एकदमच ऐकू आलं. तिनं जीभ चावली. मुकुलनं झाकण खाली ठेवलं, तोंड पूर्ण तिच्याकडं वळवलं आणि मग सरळ, एकही फाटा न फोडता विचारलं.

ती हो म्हणाली. इतक्या हळू की दोन पायऱ्यांपलीकडं जाऊ नये. पण आत चारुशीला आत्या तोवर साखरेचा डबा उतरवायला स्टुलावर चढली होती.