पैलवान हिरवा झाला

मी आयुष्यभर थापा मारत आलो. बायको सांगेल, शेजारी सांगतील, माझा दात काढताना ज्याला मी वाघाची गोष्ट सांगितली तो डॉक्टरही सांगेल.

ही थाप नाही.

पटत नसेल तर माझ्या साडूचा डावा हात बघा. कोपराच्या खाली, जिथे हात वळू नये, तिथे तो वळतो.

आणि तुम्ही अमावास्येची रात्र वगैरे शोधत असाल, तर ती इथे नाही. हे घडलं भरदुपारी, सुटीच्या दिवशी. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

आमच्या खोलीला मात्र खिडकी नव्हती.

एका मोठ्या इमारतीचं तळघर. तिथे सर्व्हर रूम. माणसापेक्षा उंच लोखंडी कपाटांच्या रांगा, त्यात सर्व्हर, आणि त्यांना गार ठेवणारे पंखे. पंख्यांचा आवाज एवढा, की शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडावं लागायचं. जाड दाराच्या अलीकडे आमची लहानशी खोली. दोन खुर्च्या, एक मोठी स्क्रीन.

काम सोपं. आमची मॉनिटरिंग सिस्टीम दर मिनिटाला प्रत्येक सर्व्हरला विचारायची, "आहेस का?"

सर्व्हर म्हणायचा, "आहे."

उत्तर आलं की नावापुढे हिरवा ठिपका. नाही आलं की लाल, आणि अलार्म बोंबलायचा.

पण ही सिस्टीमच आजारी पडली तर? डॉक्टरच तापाने फणफणला, तर तो मेलेल्यालाही ठणठणीत म्हणेल. म्हणून आम्ही एक युक्ती केली होती. यादीत एक खोटं मशीन घालून ठेवलं होतं. मशीन नाहीच, नुसतं नाव. त्याला कितीही विचारा, उत्तर येणार कुठून? ते कायम लाल; त्याच्यापुरता अलार्म आम्ही बंद ठेवला होता. ते लाल आहे तोवर सिस्टीमचं डोकं ठिकाणावर.

त्या मशीनचं नाव ठेवलं माझ्या साडूने.

'पैलवान'.

पैलवान म्हणजे आमचा बॅटरीवाला, वीज गेली तर सर्व्हर चालू ठेवणाऱ्या बॅटऱ्या सांभाळणारा. दंड माझ्या मांडीएवढे. आदल्या वर्षी शेवटच्या रांगेत बॅटऱ्यांचं कपाट त्याच्या छातीवर कोसळलं. लगेच मेला नाही तो. हाका मारत राहिला असणार... पण त्या पंख्यांच्या आवाजात ऐकणार कोण?

सापडला तेव्हा त्याच्या मुठींवर कातडी उरली नव्हती. पत्र्यावर ठोकून ठोकून.

"अरे, मेलेल्याचं नाव कशाला?" मी साडूला म्हणालो होतो.

"भाऊ, उत्तर न देणाराच पाहिजे ना आपल्याला?" तो म्हणाला. "मग पैलवानाइतका भरवशाचा माणूस दुसरा दाखवा."

त्या दुपारी ड्यूटीवर आम्ही दोघंच. साडू टेबलावर पाय टाकून सासऱ्यांची नक्कल करत होता. मी हसत होतो.

हसता हसता माझं लक्ष स्क्रीनकडे गेलं.

सगळं हिरवं होतं.

सगळं.

"साडू," मी म्हणालो, "पैलवान हिरवा झालाय."

त्याने पाय खाली घेतले. "सिस्टीम बिघडली. या महिन्यात हिला झालंय तरी काय."

आम्ही तपासायला बसलो. घड्याळ चुकलं की कधी कधी जुनी उत्तरं नवी म्हणून दिसतात. घड्याळ बरोबर होतं. साठवलेली जुनी माहिती पुसली. सिस्टीम बंद करून पुन्हा चालू केली.

एकेक नाव उमटायला लागलं. एकेक ठिपका हिरवा होत गेला.

सगळ्यात पहिला... पैलवान.

"आता एकच उरलं," साडू म्हणाला. तो आत गेला, पहिल्या रांगेतल्या एका सर्व्हरची केबल उपटली. लगेच तो सर्व्हर लाल. अलार्म वाजला. केबल परत लावली, हिरवा.

म्हणजे सिस्टीम ठणठणीत होती.

मी पैलवानाच्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"कुणीतरी नवीन मशीन लावलं असेल," साडू म्हणाला. "पैलवानाला आपण नेटवर्कवरचा जो पत्ता दिला होता, तोच चुकून त्याला दिला असेल. बघा ना, केबल कुठे जाते."

मी शोधलं. उत्तर शेवटच्या रांगेतून येत होतं. कोपऱ्यातून.

तिथे काही नव्हतं. पैलवानावर पडलेलं ते बॅटऱ्यांचं कपाट हलवल्यापासून तिथली फरशी रिकामी होती.

"मी बघून येतो," साडूने वॉकीटॉकी कानाशी धरला. "नाहीतर उद्या साहेब आपल्यालाच हिरवं-निळं करतील."

"राहू दे. उद्या बघू."

"घाबरलात काय, भाऊ? पैलवान माझा दोस्त होता."

जाड दार त्याच्यामागे बंद झालं.

थोडा वेळ नुसती पंख्यांची घरघर. मग वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला.

"इथे काही नाही. मशीन नाही. केबलसुद्धा नाही."

"मग ये परत."

मी वॉकीटॉकीचं बटण पुन्हा दाबलं.

आणि मग तो म्हणाला, "हो... आहे."

मला वाटलं, माझ्याशीच बोलतोय. "कोण आहे?" मी विचारलं.

धप्प...

कणीक मळायला आपटावी, तसा आवाज. त्यामागोमाग साडूची किंकाळी. आमच्या लग्नांपासून ओळखतो मी त्याला. हा आवाज त्याच्या गळ्यातून निघू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

"आहे," तो रडत म्हणाला. "आहे रे... मी आहे..."

धप्प.

मी दाराकडे धावलो. कार्ड लावलं. दाराने कार्ड नाकारलं. पुन्हा लावलं. पुन्हा नाकारलं. खांदा मारला, लाथा घातल्या. आतून लोखंड फाटल्याचा आवाज आला. कपाटाचं दार बिजागरीतून उपटल्यासारखा.

स्क्रीनवर शेवटची रांग लाल झाली होती. सगळी. मग तिच्या पुढची.

काहीतरी पुढे सरकत होतं. साडूला ओढत.

माझ्या डोक्यात एकच आलं. पैलवानाला यादीतून काढायचं. मी नावावर गेलो, 'काढून टाका' दाबलं.

स्क्रीनवर अक्षरं उमटली. 'हे मशीन चालू आहे. चालू मशीन काढता येत नाही.'

पुन्हा दाबलं. तेच.

धप्प... "आहे..." धप्प...

भिंतीवर काचेच्या झाकणाखाली एक लाल बटण होतं. आग लागली तर अख्ख्या सर्व्हर रूमची वीज तोडायचं. ते दाबलं की नोकरी गेली, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी झाकण कोपराने फोडलं आणि बटण दाबलं.

पंखे थांबले, अलार्मही मुका झाला.

त्या खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आमची स्क्रीन वेगळ्या बॅटरीवर होती, ती चालू राहिली. एकेक नाव लाल होत गेलं. वरपासून खालपर्यंत, सगळं रक्तासारखं लाल.

एक हिरवं.

आत अंधारात अजून ठोकलं जात होतं. आता दाराच्या अगदी पलीकडे. प्रत्येक ठोक्याबरोबर दार थरथरत होतं.

मला साडूचा आवाज आला नाही.

एक ठोका... तो गप्प.

दुसरा... तो गप्प.

मला वाटलं, गेला. मी जमिनीवर बसून मेहुणीला काय सांगायचं, ते मनात जुळवत होतो.

मग ठोके थांबले.

दार आपोआप उघडलं. साडू उंबऱ्यावर पडला होता. डावा हात तीन ठिकाणी मोडलेला. जबडा सरकलेला. बरगड्या आत गेलेल्या. आणि त्याने उजव्या हाताची मूठ स्वतःच्या तोंडात कोंबली होती. इतकी खोल, की दात हाडापर्यंत गेले होते.

मी हलवलं, हाका मारल्या. तो जिवंत होता. डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होते. पण तोंडातून मूठ काढेना. डॉक्टरांना ती भूल देऊन काढावी लागली.

चौकशी झाली. कपाट अंगावर पडलं, असं ठरलं. मी विचारलं, कुठलं कपाट? पैलवान गेल्यापासून सगळी कपाटं फरशीला बोल्टने आवळलेली आहेत. त्यावर साहेबांनी मला घरी बसायला सांगितलं.

जबडा जुळल्यावर साडू माझ्याशी एकदाच त्या दुपारबद्दल बोलला. दवाखान्यात, माझ्या कानाला तोंड लावून.

"तो विचारत होता, भाऊ. आहेस का? मी म्हणायचो, आहे. की मारायचा. मग परत विचारायचा." त्याने दाराकडे नजर टाकली. "मी उत्तर द्यायचं बंद केलं, तेव्हा त्याने सोडलं."

आता साडू घरीच असतो. खातो, पितो, नातवंडांना मांडीवर घेतो. पण कुणाच्या हाकेला ओ देत नाही. मेहुणी आतून विचारते, "अहो, आहात का?" तो जागचा हलत नाही. ती बाहेर येऊन बघते, हा डोळे मिटून बसलेला असतो, दोन्ही ओठ दातांत धरून.

मेहुणी म्हणते, डोक्याला मार बसलाय.

मीही तसंच म्हणत होतो.

गेल्या आठवड्यात बायको मेहुणीकडे गेली होती, साडूला औषध द्यायला. मी घरी एकटा. दुपारची वेळ, पेपर वाचत होतो. वारा नव्हता, पंखा बंद होता.

आतल्या खोलीतून कुणीतरी विचारलं...

"आहेस का?"

हक्काने विचारावं तसं. माझ्या तोंडून 'आहे' निघतच होतं.

मी पेपर तोंडात कोंबला.

तेव्हापासून रोज विचारतं. मी अजून एकदाही उत्तर दिलेलं नाही. पण झोपेत मी बडबडतो, असं बायको म्हणते.

काय बडबडतो, ते तिला विचारायचं धाडस मला होत नाही.