शिंप्याचा खोकला

रचून सांगायची असती तर ही गोष्ट मी रात्रीची केली असती. पण घडली ती भर दुपारी, आणि माझ्या आत्याच्या बाबतीत. आत्याने उभ्या आयुष्यात कधी थाप मारलेली नाही.

आत्या क्षयरोग केंद्रात आरोग्यसेविका. रुग्णाच्या घरी जायचं, समोर गोळ्या गिळायला लावायच्या, तोंड उघडून बघायचं. कुठल्याही घरात शिरली की आधी खिडकी उघडणार, मग बोलणार.

तिचा एक रुग्ण शिंपी होता. औषध उशिरा सुरू झालं. दोनदा खोकायचा आणि धाप लागली की हातातली कात्री मशीनच्या फळीवर टेकवायचा.

खोक्... खोक्... टक्.

तो गेला.

उरलेल्या गोळ्या परत न्यायला आत्या त्याच्या घरी गेली. खोलीत त्याची बायको होती, आणि शर्टाला काजं करत बसलेली मुलगी. घरच्यांची तपासणी राहिली होती. बायको पुन्हा टाळायला लागली. गल्लीने आधीच तोंड फिरवलंय, पोरीच्या नावाला डाग नको, आणि पोर तर चांगली धडधाकट आहे.

आत्या खिडकीची कडी काढत होती. खोलीकडे पाठ.

खोक्... खोक्...

सवयीने तिने वळूनही न बघता पिशवीतली थुंकीची डबी मागे धरली.

"कोण खोकलं? घे, यात थुंक."

कोणी डबी घेतली नाही.

ती वळली. मायलेकी तिच्याकडेच बघत होत्या.

"ताई, कोणीच नाही खोकलं," बायको म्हणाली.

कोपऱ्यात मशीन चादरीने झाकलेलं होतं. त्या चादरीखालून...

टक्.

हे मात्र तिघींनीही ऐकलं.

बायकोने निमूटपणे डबी घेतली आणि पोरीच्या हातात दिली.

पोरीला क्षय निघाला. खोकला अजून सुरूही झाला नव्हता. वेळेत औषध मिळालं, आता ती बापाचं मशीन चालवते.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं.

तेव्हापासून एखाद्या घरात आत्याला तो खोकला ऐकू येतो. पाठीमागून. फक्त तिलाच. आणि त्या घरात कोणाला तरी क्षय निघतोच.

"मेल्यावर बरा कामाला लागला," आत्या हसून म्हणायची. "जिवंत होता तेव्हा एकेका गोळीसाठी मला मागे मागे पळवायचा."

गेल्या रविवारी मी तिच्याकडे मुक्कामाला होतो. आत्या, तिचा मुलगा, सून आणि मी जेवत होतो. सुनेच्या मांडीवर तान्हं बाळ. चेष्टामस्करी रंगली होती.

आत्याचा घास हातातच राहिला.

"काय झालं गं?" मी विचारलं.

ती उष्ट्या हातानेच उठली... आणि घरातली एकेक खिडकी उघडत गेली.

सकाळी प्रत्येकाच्या उशाशी डबी होती. तिच्या स्वतःच्याही. बाळाच्या उशाशी नव्हती, तान्ह्याला थुंकता कुठे येतं. त्याच्याकडे ती नुसती बघत बसली होती.

अहवाल उद्या येतील.

मला खोकला नाही.

पण त्या पोरीलाही नव्हता.