कोरा पट्टा

सकाळी दहाला विभागप्रमुखांचा फोन आला. "बाई, लगेच या. तीन वाजता त्या पोरीला काढून टाकायचंय."

चौकशी अधिकारी बाई प्रयोगशाळेत पोचल्या तेव्हा प्रमुख आणि उपप्रमुख तिथेच होते, आणि संशोधन करणारी ती पोरगी कोपऱ्यात उभी होती. पेशीच्या पातळ आवरणात नवं प्रथिन सापडल्याचा तिचा दावा होता. काल तिने त्याचा नमुना तपासणी समितीसाठी जेलीच्या पट्टीवर चालवला; प्रथिन असेल तर जेलीतल्या त्या नमुन्याच्या पट्ट्यात डाग उमटतो. फोटोत तिचा पट्टा कोरा!

"थाप होती, दुसरं काय?" उपप्रमुख म्हणाले. "नमुना चांगला उकळलेला होता, तरी डाग नाही."

बाईंनी पोरीकडे पाहिलं. "नमुना कसा तयार केलास?"

"सदतीस अंशांवर, अर्धा तास. वहीत लिहिलंय."

"मध्ये कुठे गेली होतीस?"

"समितीने बोलावलं होतं. वीस मिनिटं."

"तेव्हा इथे कोण होतं?"

"मी," उपप्रमुख म्हणाले. "पण नळीला हात लावला नाही. नंतर फोटो तेवढा काढला."

फोटो वरून कापलेला होता. नमुना भरायच्या खाचा दिसतच नव्हत्या.

"पट्टी कुठाय?"

"टाकली."

बाईंनी हातमोजे चढवले आणि कचऱ्याचा डबा उपसला. निळी, चुरगळलेली पट्टी त्यांनी काचेवर पसरली. पोरीच्या खाचेत गडद निळा गोळा अडकला होता.

"सर, हे बघा," त्या प्रमुखांना म्हणाल्या. "पेशीच्या आवरणातली प्रथिनं चरबीत राहणारी. उकळली की त्यातली बरीच अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठतात. गोळा जेलीत शिरत नाही, वरच अडकतो. प्रथिन होतं. कुणीतरी उकळलं."

"तिनेच चुकून उकळलं असेल!" प्रमुख म्हणाले.

"मग गोळा फोटोतून कापला कशाला? आणि उपप्रमुख, वहीत सदतीस अंश लिहिलेत. नळीला हात लावला नाही म्हणता, मग नमुना उकळल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

उपप्रमुखांच्या तोंडचं पाणी पळालं.

"सात वर्षं मी छापत आलो, की त्या आवरणात असं प्रथिन नसतंच," ते अखेर पुटपुटले. "काल आलेली पोर मला खोटं पाडणार होती."

प्रमुखांनी समितीला फोन लावून पोरीला काढायचं थांबवायला सांगितलं.

पोरीने उपप्रमुखांकडे पाहिलंही नाही. डोळे पुसून तिने शीतपेटी उघडली आणि उरलेला नमुना बाहेर काढला. "बाई, पट्टी पुन्हा चालवते. तीन वाजेपर्यंत होईल. थांबाल?"

बाईंनी स्टूल ओढलं.