दादामियाँनी सोडलेली जागा

मला वार नीट आठवतात की नाही, याची आता खात्री वाटत नाही. एम.ए. झालो खरा, पण साक्ष द्यायला उभा राहिलो तर चाचरेन. तरी तो शुक्रवारच असावा. दादामियाँनी जुम्म्याच्या नमाजानंतरच मला कागद दिले होते.

साल १९४३. मी धाराशिवला मास्तर होतो आणि चोरून भयकथा लिहायचो. माझं अक्षर वाईट, म्हणून कचेरीतले म्हातारे नकलनवीस दादामियाँ स्वच्छ प्रत करून देत. त्यांचा एक नेम होता. गोष्टीत मरणाऱ्याचं नाव ते लिहीत नसत. तेवढी जागा कोरी सोडत.

"मास्तर, तुमच्या गोष्टीत माणसं लई मरतात," ते म्हणाले. "माज्या कलमानं न्हाय मरायची. नाव तुमच्या हातानं भरा."

मी हसलो. हसलो असेन.

निजामाच्या टपालात पाकिटं फोडतात अशी मला धास्ती होती. म्हणून येडशीला जाऊन पाकीट गाडीच्या गार्डाकडं द्यायचं, तो ते बार्शीत इंग्रजी हद्दीत टाकायचा.

स्टेशनावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. फलाटावर कुणी नव्हतं. बाकावर बसून शेवटचं पान काढलं. गोष्टीतला हमाल विहिरीत बुडतो, पण ते बुडणं मलाच खोटं वाटत होतं. वाचकाला भ्यायला एक बारीकशी खरी गोष्ट लागते. तीच माझ्याकडं नव्हती. आधी ठरवलेलं नावही आता नकोसं वाटलं.

बाकाच्या टोकाला स्टेशनचा हमाल बब्रुवान येऊन बसला. माझी पुस्तकांची पेटी नेहमी तोच उचलायचा. धोतर ओलं होतं. शेवाळाचा वास आला.

"काय लिवताय, मास्तर?"

"एक हमाल विहिरीत पडतो. आत त्याला काय दिसत असेल, तेच सुचत नाही."

त्यानं दंडावरचा हमालाचा पितळी बिल्ला चाचपला.

"पानी गार न्हाय लागत... वर उजेड दिसतो, ह्या बिल्ल्याएवढा... मंग त्यो बी कुनीतरी झाकतं."

मी अधाशासारखं ते उतरवून घेतलं.

"नाव काय त्याचं?"

"ठरत नाही."

"माजं घाला की. हमालच हाय न्हवं?" तो हसला. "जागा रिकामी ठिवू नये..."

गाडीची शिट्टी झाली. घाईत मी 'बब्रुवान' लिहिलं, पाकीट गार्डाला दिलं आणि वळलो. बाक रिकामा होता. लाकूड ओलं होतं.

आठेक दिवसांनी बाजारात कळलं, बब्रुवान स्टेशनामागच्या विहिरीत बुडून मेला. कधी, ते विचारायचं धाडस झालं नाही. गोष्ट छापून आली. संपादकांनी नेमकं त्या उजेडाच्या वाक्याचं कौतुक केलं आणि प्रत पाकिटासकट परत धाडली. त्यानंतर मी गोष्ट लिहिली नाही.

तीस वर्षं मी मानत आलो की त्याला मी मारलं. रात्री दचकून उठलो की बायको, धुरपदा, करवादायची, "शाईनं मानूस मरतंय व्हय? निजा आता गप."

ती वारल्यावर एकदा धीर करून जुन्या दप्तरातला पंचनामा काढवला. उर्दूत होता, तीनदा वाचला. सोबत ते पाकीट नेलं होतं. त्यावर बार्शीचा शिक्का होता, शुक्रवारच्या तारखेचा.

बब्रुवानचं प्रेत त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी बाहेर काढलं होतं.