जैसे थे

दर रविवारी दुपारी चार वाजता खालच्या मजल्यावर जाऊन एक काच वाचून यायची, एवढंच काम होतं.

मी आमच्या इमारतीचा सेक्रेटरी. बांधकामातलं मला जे थोडंफार कळतं, ते पुस्तकं वाचून आणि कामगारांच्या मागे उभं राहून शिकलेलं. माझ्या घराच्या बरोबर खाली एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या बीमला भेग पडली होती. भेग वाढते आहे का, हे बघायची एक साधी रीत आहे. तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवायची आणि पट्टीवर तारीख घालायची. भेग हलली की काच तडकते. काच शाबूत असेल तर घाबरायचं कारण नाही.

स्टुलावर चढलं की मला गरगरतं, म्हणून बाई स्टूल धरायच्या.

"इमारत चालवता आणि दोन फुटांवर थरथरता!"

"बाई, हसवू नका. पडेन."

"पडत नाही. वाचा, मी धरलंय."

मी बॅटरीच्या उजेडात बघून म्हणायचो, "जैसे थे." त्याही हजेरी घेतल्यासारख्या म्हणायच्या, "जैसे थे. उतरा."

सहाव्या रविवारी काच मधोमध तडकलेली होती.

मी म्हणालो, "जैसे थे."

का म्हणालो, ते लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी माझी मोरी नव्याने करून घेतली होती. सांडपाण्याचा पाइप खाली बसत नव्हता, म्हणून कामगारांनी जमिनीखालच्या बीमचा माथा चार बोटं फोडला आणि आतल्या दोन सळया कापल्या. मी तिथे उभा होतो. "चालतं का हो हे?" एवढंच विचारलं. "चालतं साहेब," ते म्हणाले, आणि वरून लाद्या बसल्या. बाईंच्या छताला होता तो हाच बीम. काच तडकली हे सांगितलं असतं, तर माझी मोरी उकरली गेली असती, आणि दुसऱ्यांच्या घरातला एक खिळाही नोटीस लावून काढायला लावणारा मी सगळ्यांसमोर उघडा पडलो असतो.

बाईंची एक चावी आमच्याकडे असायची. दुसऱ्या दिवशी त्या बाजारात गेल्यावर मी काच बदलली. नव्या काचेवर जुनीच तारीख घातली. अक्षर माझंच, त्यामुळे कुणाला शंका येणार नव्हती.

अकरा दिवसांनी भर दुपारी छताचा तुकडा बाईंच्या खांद्यावर पडला. त्या रविवारी संध्याकाळी मी त्यांना भेटायला दवाखान्यात गेलो. त्या अगदी हळू बोलत होत्या.

"या रविवारी वाचलीत का हो?"

"वाचली."

"मग?"

"जैसे थे."

"मग वरचं फक्त प्लास्टर गेलं असेल," त्या म्हणाल्या. "उगाच सगळ्यांना घोर लावला मी."

तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. जिन्यात लोक म्हणाले, वय झालं होतं. मीही मान डोलावली.

मग इंजिनिअरला बोलावायचं ठरलं. तो सोमवारी येणार होता. आदल्या दिवशी चार वाजता मी चावी घेऊन खाली गेलो. खिशात एक नवी काच होती, तिच्यावर जुनी तारीख आधीच घालून ठेवलेली.

खाली वीज तोडलेली होती. पडदे ओढलेले. ओल्या सिमेंटचा थंड, आंबूस वास घरभर भरला होता आणि कुठेतरी पाणी ठिबकत होतं. स्टूल होतं तिथेच होतं. बॅटरी मान आणि खांद्यामध्ये दाबून मी चढलो. काच पुन्हा तडकली होती. तिचे दोन तुकडे सरकून त्यांच्यात नखाएवढी फट पडली होती. मी ते खरवडून काढले आणि नवी पट्टी दाबून बसवली. स्टूल डुगडुगत होतं...

मग ते डुगडुगायचं थांबलं.

एकदम नाही. कुणीतरी आधी एक पाय धरावा, मग दुसरा, तसं. ठिबकणंही थांबलं. गुडघ्याजवळ श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, थोडा धापेचा.

"वाचा..."

मी खाली बघितलं नाही. समोरची काच नवी, कोरी होती. माझ्या तोंडून जे निघालं, त्याची लाज मला मरेपर्यंत राहील.

"जैसे थे..."

"जैसे थे," खालून आवाज आला. त्यात राग नव्हता, संशयही नव्हता. "उतरा... सावकाश."

सोमवारी इंजिनिअर त्याच स्टुलावर चढला. मी दारात उभा होतो, बायको आणि अध्यक्ष माझ्या मागे.

"काच शाबूत आहे," तो म्हणाला. "म्हणजे बीम हलत नाही. प्लास्टर केलं की झालं. काका, तुमच्यासारख्या नोंदी कोणी ठेवत नाही हो."

अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इंजिनिअर वर बघतच पुढे म्हणाला, "स्टूल सोडलं तरी चालेल, काका."

आम्ही तिघंही दारात होतो.

मग मी बोललो. पाइप, सळया, दोन्ही काचा, दवाखाना, सगळं. बायकोने फक्त एवढंच विचारलं, "दवाखान्यात त्यांना डबा मी नेत होते. मलाही नाही सांगितलंत?"

मोरी उकरली. बीमखाली पाच लोखंडी टेकू लावले आणि त्यांच्या भरवशावर, बीम फोडून नवा घालेपर्यंत, मला, बायकोला आणि मुलीला वर राहू दिलं. आता जिन्यात लोक मला वाट देतात, बोलत नाहीत.

तीन आठवड्यांनी टेकू काढायला कामगार आले. पहिल्याच टेकूला हात लावून मुकादम थबकला. मग त्याने बाकीचे चारही हलवून बघितले. पाचही मोकळे हलत होते.

"साहेब, यातला एकही टेकलेला नाही."

"आता सैल झाले असतील," इंजिनिअर म्हणाला.

"सैल? हे बघा."

टेकूंच्या माथ्याच्या आणि बीमच्या मध्ये बोटभर फट होती. पाचही फटींत कोळ्याची जुनी, धूळ बसलेली जाळी होती. एकही फाटलेलं नव्हतं.

इंजिनिअरने एका फटीत बोट घालून बघितलं. "मग बीम फोडलेला असताना," तो हळूच म्हणाला, "हे सगळं कशाने धरून ठेवलं होतं?"

त्या तीन आठवड्यांत, त्याच बीमवर, मोरीच्या भिंतीपलीकडे, माझी मुलगी झोपत होती.