कागदी मोबाइलवरचं अंतर

मोबाइलवर नकाशा कुणी धड वाचत नाही, हे मी ऑफिसात घसा कोरडा होईस्तोवर सांगत होते. २००८ साल. ‘जवळपास शोधा’ नावाच्या नव्या सोयीचे स्क्रीन आखायचं काम माझ्याकडे होतं. माणसाला नाव दिसू दे, खाली अंतर दिसू दे, बस्स!

प्रोग्रॅम लिहिण्याआधी आम्ही सगळं कागदावर तपासायचो. पुठ्ठ्याचा मोबाइल, त्यात पेन्सिलने काढलेली कार्डं. समोरच्याने कागदी बटण दाबलं की मी हाताने पुढचं कार्ड ठेवायचं. म्हणजे फोन मीच!

त्या दुपारी माझ्या मीरा रोडच्या घरी शेजारच्या शेवंतीकाकूंना बसवलं. त्यांचे यजमान दत्तारामकाका हल्ली सगळं विसरायचे. एका सकाळी बाहेर पडले ते परतलेच नाहीत. पोलीस, पोस्टरं, नवस, सगळं करून झालं होतं. म्हटलं, काकूंचा जरा वेळ जाईल.

“काय शोधू?”

“काहीही. मेडिकल, एटीएम...”

“ह्यांना शोधते,” म्हणाल्या आणि बटण दाबलं.

‘काही सापडलं नाही’ असं एक कार्ड मी करून ठेवलं होतं. तेच पुढे केलं. त्यावर होतं: दत्ताराम. उत्तन. बारा किलोमीटर.

अक्षर माझंच. पण मी हे लिहिलं नव्हतं, देवाशपथ.

“काकू, कागद आहे हो तो. काहीतरी गडबड झालीय.”

“असू दे गो,” म्हणत त्यांनी चपला घातल्यासुद्धा.

त्यांना एकटं कसं सोडणार? रिक्षात त्या बटण दाबत राहिल्या. मी कोरी कार्डं ठेवत गेले आणि एकही कोरं निघेना. वाटेत मोरवा गावाला कार्डावर पाच किलोमीटर. उत्तनच्या किनाऱ्यावर, वाळत घातलेल्या बोंबलांपाशी, तीस मीटर.

काका तिथेच होते. होडीच्या सावलीत, दाढी वाढलेली, पण धडधाकट. काकू त्यांच्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले, लाज कसली त्यात!

वाळती मासळी उलटणारी कोळीण म्हणाली, “मघापासून बोलतोय, शेवंती येते हाय. आता रिक्षात बसली, आता मोरव्याला आली. याला कोनी सांगितला, काय कळला न्हाय.”

परतताना काका स्वतःच्या रिकाम्या तळहातावर बोट दाबत होते.

“आता कोणाला शोधताय?” काकूंनी डोळे पुसत विचारलं.

“शेवंतीला.”

“अहो, ही काय मी!”

काकांनी परक्या बाईकडे बघावं तसं अदबीने बघितलं. “उत्तनहून निघालीय. मागेच आहे.”

काकूंचा चेहरा पडला. आजारपण आहे, औषधाने फरक पडेल, असं काहीबाही मी बोलत राहिले.

तिन्हीसांजेला घरी पोचलो. मी चहा टाकला. काकांचं बोट चालूच होतं.

“गेटपाशी आली.”

मी गॅस बंद केला.

“जिना चढतेय.”

दारावर हलकी थाप पडली. बांगड्या वाजल्या.

“आली!” काका हसत उठायला लागले.

काकूंनी त्यांचा हात दोन्ही हातांनी गच्च धरला.

“रसिका,” त्या हळूच म्हणाल्या, “दार उघडू नको हां. आत्ताच मिळालेत मला.”